मागची फळी

“काका, ओ काका! गाडीखाली नका शिरू, ती डिस्प्लेची आहे!”

दुकानातली मुलगी काउंटरमागून धावत आली, पण तिला उशीर झाला होता. धरमपेठेतल्या त्या गुळगुळीत, गारेगार दुकानात आनंदराव फरशीवर सरळ पाठ टेकून आडवे झाले होते. जुळ्यांच्या बाबागाडीखाली कमरेपर्यंत शिरून ते एकेक चाक बोटानं फिरवून पाहत होते. बाहेर दिसत होते फक्त त्यांचे पाय आणि पायांतले दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे.

“पाहून राहिलो बेटा, बेअरिंग आहे का बुश आहे,” गाडीखालून आवाज आला. “कूलरच्या स्टँडले बुश चालते. पोट्टे बसवायचे म्हणजे बेअरिंगच पाहिजे.”

“बाबा, उठा ना,” रोशन दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या हातात अडीच महिन्यांचा धम्मदीप होता, बायको भावनाच्या हातात धम्मदीपची जुळी बहीण मेघा. “लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. मी चाक पाहाले आलो, लोकाइले पाहाले नाही आलो.”

मनीषनगरात गेली तीस वर्षं आनंदरावांचं कूलरचं छोटं दुकान होतं. उन्हाळ्यात त्यांना जेवायला सवड नसे आणि दिवाळी झाली की काम शोधावं लागे. त्यामुळे घरातली चाकं, मोटर, पंप किंवा नटबोल्ट असलेली प्रत्येक वस्तू आपल्या खात्यातली आहे, असं ते धरून चालत. जुळ्यांची गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांना कुणी “चला” म्हटलंच नव्हतं. रिक्षा आली तेव्हा ते आधीच गेटवर उभे होते.

चाकंच पाहायची तर कुणीही उकिडवं बसून पाहिली असती. आनंदरावांना ते जमत नव्हतं. मे महिन्यात एका जिन्यावर कूलर चढवताना त्यांच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं होतं. तेव्हापासून तो गुडघा जाम झालेल्या पंपासारखा वागत होता: गुणगुणायचा, पण भार उचलायचा नाही. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. कळलं असतं तर रोशननं दुकानाला कुलूप लावलं असतं. तेही एक वेळ चाललं असतं, पण संध्याकाळची फेरी बंद झाली असती.

फेरी म्हणजे आनंदराव आणि चार वर्षांची पायल, रोशन-भावनाची थोरली. घरापासून बगिच्यापर्यंत आणि परत. पायल चालायला शिकली त्याच्याही आधीपासून ही फेरी चालू होती, कारण सुरुवातीला ती आजोबांच्या खांद्यावर बसूनच व्हायची. आता वाटेत गुडघा चमकला की आनंदराव एखाद्या घरासमोर थांबत आणि खिडकीतला कूलर न्याहाळत. “पाहून राहिलो, पॅड बदलाले झाले का,” असं सांगत. पायललाही त्यामुळे कूलरचं गवताचं पॅड, पंखा, पंप हे सगळं पाठ झालं होतं.

“हे पाहा सर,” मुलगी रोशनला म्हणाली, “ट्विनसाठी दोन टाइप येतात. एक ही आजूबाजूची. दोन्ही बेबी शेजारी-शेजारी. दुसरी ती, मागे-पुढे. दोन्हीमध्ये सीट पूर्ण झोपते.”

“पूर्ण झोपलीच पाहिजे,” भावना म्हणाली. “अजून मान धरत नाहीत दोघंही.”

आनंदराव गाडीचा दांडा धरून कसेबसे उभे राहिले आणि दोन पावलं चालले. मग थांबले. मग परत चालले, दुकानाच्या टोकाला दुधाच्या बाटल्यांच्या फळीपर्यंत.

गुडघा दुखत नव्हता.

यात जादू काही नव्हती. दोन्ही हातांचा भार आडव्या दांड्यावर टाकला, की अंगाचं ओझं दोन पायांवर न राहता चार चाकांतही वाटलं जातं. शेजारी-शेजारी सीट असलेल्या त्या गाडीचा दांडा एकसंध, जाड आणि बरोबर त्यांच्या मनगटाच्या उंचीला होता. सहा महिन्यांनंतर आनंदराव पहिल्यांदा ताठ चालत होते. त्यांनी परत येतानाची फेरी मुद्दाम लांबच्या वाटेनं, झबल्यांच्या कपाटाला वळसा घालून केली.

“मस्त आहे गाडी,” ते म्हणाले. “हेच घ्या.”

“अन् मी कोठं बसू?”

सगळ्यांनी खाली पाहिलं. पायल दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी होती. तिनं सीट मोजल्या होत्या. मोजणी तिला नुकतीच येऊ लागली होती आणि सीट मोजायला सोप्या होत्या.

“तू तर चालते ना बेटा,” रोशन म्हणाला.

“माहा गुडघा दुखते.”

रोशन आणि दुकानातली मुलगी दोघंही खो-खो हसले. “चार वर्षाच्या पोट्टीचा गुडघा!” रोशन म्हणाला. आनंदराव हसले नाहीत. त्यांनी झबल्यांच्या कपाटाकडे बघितलं.

“मोठ्या बेबीसाठी आहे ना,” म्हणत मुलीनं लांब गाडीच्या मागे पाय घालून एक फळी खट्कन खाली पाडली. फळीला खाली दोन छोटी चाकं होती. “ह्याच्यावर उभं राहायचं. बसमध्ये कंडक्टर उभा राहतो तसं.”

पायल लगेच फळीवर चढली. समोरचे दोन दांडे तिनं धरले, मान वर केली आणि दुकानभर नजर फिरवली. भावनाला ती गाडी तिथंच पसंत पडली.

“ही घेऊ,” ती म्हणाली. “हिचे दांडे दोन वेगळे वेगळे आहेत, छत्रीच्या मुठीवानी, पण चालते. तिघंही जातात एका वेळेले.”

“लांब आहे ते,” आनंदराव घाईघाईनं म्हणाले. “आपल्या गेटसमोर सिमेंट रोड झाला, घर खाली गेलं. त्या उतारावर लांब गाडी पोटावर घासते. ही रुंद बरी.”

“दारातून जाईल का पण रुंद?”

“काहून नाही जाणार? आपल्या दारातून तीन फुटी कूलर जाते वं पोरी! माह्या हातानं नेतो मी दर साली. ही गाडी तर अडीच फुटाची.”

दाराचा विषय आनंदरावांच्या खात्यात येत होता.

“आबा, माही फळी?” पायलनं विचारलं.

“मी बनवून देतो ना तुले. दुकानापेक्षा भारी.”

गाडी घेतली.

घरी पोहोचल्यावर गाडी अडीच फुटांची निघाली आणि दार सव्वादोन फुटांचं.

आनंदरावांनी ती सरळ घातली, तिरपी घातली, मागून ओढली. एक चाक आत गेलं की दुसरं चौकटीला थडके. त्यांची बायको मीराबाई आतून कमरेवर हात ठेवून हा सगळा कार्यक्रम बघत होती.

“तीन फुटी कूलर जाते म्हणे,” ती म्हणाली.

“जाते म्हणजे जाते! मी काय खोटं बोलून राहिलो?”

“कसा जाते? सांगा ना. कसा नेता तुम्ही?”

आनंदरावांनी हवेत कूलर धरला. दोन्ही हातांनी उचलला, बाजूला वळवला, खांदा आधी आत घातला आणि चौकटीत येऊन ते थबकले. कूलर रुंदीला तीन फूट असला तरी खोलीला दोनच फूट असतो. तो दोघं मिळून उचलतात आणि बाजूनं आत नेतात. तीस वर्षांत हातांना ते वळण इतकं सवयीचं झालं होतं की डोक्याला त्याची खबरच नव्हती. आणि बाबागाडी बाजूनं चालत नाही. तिची चाकं तेवढं एक काम सोडून बाकी सगळं करतात.

“मग आता पोट्टेबी आडवे करून नेता का?” मीराबाई म्हणाली. “एक तुम्ही धरा, एक रोशन धरते. पाणी-बिणी सांडलं तर मी पुसतो.”

भावना एवढी हसली की तिला मेघाला खाली ठेवावं लागलं. शेजारच्या यमुताईंनी भिंतीवरून डोकं काढलं.

“काय वं मीराबाई, हिवाळ्यात कोणता कूलर आणला?”

“चार चाकाचा, बाई! हवा देत नाही, नुसता दारात बसते.”

चाकं मळली नाहीत तर आठवडाभरात गाडी बदलून मिळेल, असं दुकानातल्या मुलीनं सांगितलं होतं. मीराबाईनं चारही चाकांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि गाडी पोर्चमध्ये राहिली. रात्री जेवताना रोशननं “आपल्या दारातून” एवढे दोन शब्द उच्चारले तरी सगळे हसू लागत. आनंदरावही हसले. आपण एवढी मोठी चूक कशी केली हे त्यांना मनातून ठाऊक होतं. तो दांडा हातात आल्यापासून त्यांना दार पाहिजे तेवढं रुंद दिसू लागलं होतं.

सकाळी रोशन कंपनीच्या बसनं कळमेश्वरला गेला. मीराबाई भाजी आणायला गेली. जुळी झोपली होती. आनंदराव पोर्चमध्ये आले, इकडेतिकडे बघून त्यांनी गाडीचा दांडा धरला आणि गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालायला लागले. पिशव्या सर्रसर्र वाजत होत्या. गेट ते टाकी, टाकी ते गेट. छाती पुढे, मान ताठ.

पायरीवर पायल दुधात बिस्किट बुडवून खात होती.

“आबा, गाडीसंग तू डुलत नाही.”

“म्हणजे?”

“असा.” बिस्किट तोंडात कोंबून पायल उठली. तिनं डावा हात डाव्या गुडघ्यावर ठेवला, ओठ आवळले आणि चार पावलं टाकली. डावा पाय पटकन उचलायचा, उजव्यावर जास्त वेळ थांबायचं. चौथ्या पावलाला ती थांबली, मान वर करून यमुताईंच्या खिडकीकडे बारकाईनं बघितलं आणि म्हणाली, “पाहून राहिलो, पॅड बदलाले झाले का.”

दारात भावना उभी होती. ती हसू लागली आणि मध्येच थांबली.

“बाबा, हे कोणाचं पाहून शिकली ही?”

“लहान लेकरू आहे. काहीबी करते.”

“बसा इथं.”

“अवं, काही नाही ते…”

“बाबा, मी दवाखान्यात एक्स-रे काढतो. टेबलावर माणूस कसा चढते, त्याच्यावरून मले समजते कोणता गुडघा आहे. आता बाळंतपणाची सुट्टी आहे म्हणून काय मी आंधळी झाली? बसा.”

ते पायरीवर बसले. भावनानं गुडघ्यावर तळहात ठेवून पाय हळूच वाकवून पाहिला. आतून कुरकुर जाणवली, तशी तिनं मान हलवली.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“काहून नाही सांगितलं?”

“सांगून काय? तुम्ही म्हटलं असतं, बाबा आता आराम करा.” त्यांनी पायलकडे पाहिलं. ती आता गाडीच्या चाकावरची पिशवी सोडवू पाहत होती. आनंदरावांनी आवाज उतरवला. “खांद्यावर घेणं बंद केलं ना मी हिले, तवा म्हटलं, तू मोठी झाली आता. अन् त्याच हप्त्यात तू या दोघाइले घेऊन घरी आली. तिले काय वाटलं असंन?”

भावनानं गाडीकडे पाहिलं, मग दाराकडे. ती हिशेबी बाई होती आणि तिचा निर्णय लवकर होत असे.

“मग हीच गाडी ठेवू,” ती म्हणाली. “पोर्चमध्ये राहील. पोट्टे आपण उचलून बाहेर आणू, त्यात काय? तुम्हाले दांडा धरून चालता येते ना? तेवढं पुरे.”

आनंदरावांनी दांड्यावर हात ठेवला. रबर अजून नवं होतं, किंचित चिकट. एवढं म्हणायचं होतं, “हाव, ठेव.” कुणी हसणार नव्हतं. रोशनलाही कळायचं कारण नव्हतं.

पण काल रात्रीच त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला फळीसाठी मोजायची टेप लावून बघितलं होतं. फळी बसली असती. चाकं लावली असती, भारही पेलला असता. अडचण वेगळीच होती. फळीवर पायल उभी राहिली की ती दांडा आणि ढकलणारा यांच्या मध्ये येणार. ढकलणाऱ्याला हात लांब करून धरावं लागणार. त्याला दांड्यावर रेलता येणार नाही. पायलची जागा आणि त्यांचा आधार ही एकच जागा होती.

“नाही,” ते म्हणाले. “परत कर हे. ते लांबवाली आण. फळीवाली.”

“बाबा…”

“मी म्हटलं ना, फळीवाली.”

“अन् तुम्ही?”

“मले दुसरं काही पाहू.”

“दुसरं काही म्हणजे काठी, बाबा.”

“काठी म्हाताऱ्याले लागते.”

“हाव,” भावना उठत म्हणाली. “अन् तीन नातवंडं जवानाले होत असतात.”

गाडी बदलायला गेले तेव्हा दुकानातल्या मुलीनं त्यांना लगेच ओळखलं. “काका, आज नाही का झोपणार खाली?”

“नाही बेटा. या गाडीचे बेअरिंग मी परवाच पाहून घेतले होते.”

हे खोटं होतं. त्या दिवशी दुसऱ्या गाडीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मुलगी बिल करत असताना त्यांनी वाकून, एका हातानं काउंटर धरून, फळीचं चाक तेवढं फिरवून घेतलं. बेअरिंग होतं.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, जिना कमी करायला सांगितला आणि काठी उजव्या हातात धरायला सांगितली. यावर आनंदरावांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला.

“दुखते डावा अन् काठी उजव्या हातात? उलटं सांगून राहिला तो!”

“बाबा, डाव्या पायावर तुम्ही उभे राहता ना, तवा अंग उजवीकडे लटकलेलं राहते,” भावना म्हणाली. “टेकू तिकडूनच पाहिजे. भिंतीवरच्या कूलरले तुम्ही टेकू कोठं देता? भिंतीच्या बाजूनं?”

आनंदरावांनी थोडा विचार केला. “बाहेरच्या बाजूनं,” ते म्हणाले आणि त्यांनी काठी उजव्या हातात घेतली. दुकानातून कूलरच्या स्टँडचा जाड रबरी बूट आणून तिच्या टोकाला बसवलाही.

पहिल्या फेरीला निघाले तेव्हा थंडी पडू लागली होती. घराघरांतले कूलर प्लास्टिकमध्ये गुंडाळून झाले होते. गाडी दारातून सहज बाहेर पडली. मीराबाईनं मुद्दाम चौकटीला हात लावून विचारलं, “जाते ना? का आडवी करू?” जुळी टोपड्यांत नाकापर्यंत बुडाली होती. पायल फळीवर उभी राहिली आणि “चलो, चलो, बगिचा!” ओरडली.

रस्त्यापर्यंतच्या चढावर मात्र एक गंमत झाली. भावनानं जोर लावला, पायल मागे रेलली आणि गाडीची पुढची चाकं हळूच हवेत उचलली गेली. जुळ्यांनी एकाच वेळी डोळे उघडले.

“उतर, उतर!” आनंदराव ओरडले. “मागं वजन जास्त होऊन राहिलं! चढावर कंडक्टर खाली!”

पायल उतरली. गाडी चढली. पायल परत चढली. हा नियम तिला फार आवडला. पुढच्या प्रत्येक गतिरोधकावर ती “कंडक्टर खाली!” म्हणून उतरली.

कोपऱ्यावर चहाची टपरी होती आणि टपरीवर रोजच्याप्रमाणे त्यांच्याच वयाचे, थट्टेखोर मनोहरराव होते. या एका माणसामुळे आनंदरावांनी दोन दिवस काठी घराबाहेर नेली नव्हती. मनोहररावांनी आधी गाडी पाहिली, मग आनंदराव पाहिले, मग काठी.

“काय गा आनंदराव! काठी?”

भावना चालता चालता किंचित मंदावली. आनंदरावांची नजर सवयीनं समोरच्या घराच्या खिडकीकडे गेली. तिथं निळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेला कूलर होता. त्याचं आता कुणीच काही पाहू शकत नव्हतं.

“हाव गा,” ते म्हणाले. “गुडघा गेला.”

“बापा! माहे तर दोन्ही गेले,” मनोहरराव म्हणाले. “बस, चहा घे.”

“येताना घेतो.”

बगिच्याच्या रस्त्याला सपाट, नवं सिमेंट होतं. गाडी तिथं आपोआप पळू लागली आणि भावनाही तिच्याबरोबर. आनंदराव मागे पडले. काठी, डावा पाय, उजवा पाय. काठी, डावा पाय, उजवा पाय. नव्या माणसाला याची लय सापडायला वेळ लागतो. एका गेटपाशी ते थांबले.

पुढून खट् असा आवाज आला. पायल फळीवरून उतरली होती. इथं चढ नव्हता, गतिरोधकही नव्हता. ती पळत मागे आली.

“पॅड पाहून राहिला का आबा?”

“नाही,” आनंदराव म्हणाले. “पाय दुखून राहिला.”

“खूप?”

“थोडासा.”

पायलनं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डाव्या बाजूला येऊन तिनं त्यांचा मोकळा हात धरला.

“चाल मग. हळू हळू.”

काठी पडली, डावा पाय पडला, त्याच्याबरोबर तिची दोन पावलं पडली. तिला पळावं लागत नव्हतं, त्यांनाही थांबावं लागत नव्हतं.

पुढे भावनानं एकदा वळून पाहिलं. गाडीमागची फळी रिकामी होती आणि सिमेंटवर खडखड वाजत होती. पाय लावून ती वर दुमडता आली असती. भावनानं ती तशीच राहू दिली आणि चाल थोडी कमी केली.